देसले सरांचं खारं पाणी

देसले सर बाटलीशी बोलत नसत, तिची हजेरी घेत. सकाळी अंघोळ झाली की शर्ट खोचून, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून ते मुलीच्या खोलीत जात. खिडकीजवळच्या टेबलावर काचेची एक चंबूच्या आकाराची बाटली असे. तोंडाला कापसाचा बोळा, आत फिक्या चहाच्या रंगाचं पाणी. ते बाटली उजेडाकडे धरत, हलकेच फिरवत, रंग बघत आणि म्हणत, "हजर." मग बाटली जागेवर ठेवून बाहेर येत आणि चहा मागत.

दोंडाईच्याच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर पी.टी. शिकवली. निवृत्त झाले तरी गावात ते पी.टी. सरच राहिले. बाजारात मिरची तोलणारा व्यापारीसुद्धा त्यांना बघून पाठ सरळ करायचा. "पाठ ताठ ठेवा, मन आपोआप ताठ राहतं," हे त्यांचं एक वाक्य. आणि दुसरं, जे मी त्यांच्याकडून पुष्कळदा ऐकलं: "दम लागला म्हणून थांबायचं नसतं मॅडम, चाल कमी करायची असते."

माझी आणि त्यांची ओळख झाली ती ऐन उन्हाळ्यात. मी जळगावला एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझं सगळं काम केळीच्या मुळाशी राहणाऱ्या जिवाणूंवरचं. समुद्राशी माझा संबंध सहलीपुरता. त्या दुपारी विभागाच्या दारात एक उंच, काटक म्हातारा उभा होता. छातीशी ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं. आधी मला वाटलं, तान्हं मूल आहे. दोंडाईच्याहून गाडीत बसल्यापासून त्यांनी ते मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. अमळनेरला टॉवेल वाळला म्हणून प्लॅटफॉर्मवरच्या नळाखाली पुन्हा भिजवून घेतला होता.

"मॅडम, हे जित्तं आहे," ते म्हणाले. "पण रंग उतरतोय. हे मरायला नको."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी टॉवेल सोडला, बाटली टेबलावर ठेवली आणि खुर्चीत ताठ बसून सगळं सांगितलं. शाळेतला अहवाल वाचावा तसं, आवाज न चढवता, न उतरवता.

हर्षाली त्यांची एकुलती एक मुलगी. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत ती पीएच.डी. करत होती. डोळ्यांना न दिसणारी समुद्रातली शेवाळं, हा तिचा विषय. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिथल्याच दवाखान्यात तिचा मृत्यू झाला. आईबापांना जाता आलं नाही. अंत्यसंस्कार त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले, आणि तेही मध्येच अडकले. पुढे सगळं सुरळीत झाल्यावर तिची खोलीतली मैत्रीण तिचं सामान घेऊन दोंडाईच्याला आली. कपडे, पुस्तकं, चष्मा. तेव्हा सरांनी तिला विचारलं, "ती फोनवर एक बाटली दाखवायची, खिडकीत ठेवलेली. ती कुठाय?" त्या मुलीनं परत गेल्यावर मार्गदर्शकांना विचारलं आणि हर्षालीच्या शेवाळातला एक वाटा नव्या बाटलीत काढून सुट्टीत स्वतः आणून दिला.

"पाणी आटायला लागलं तसं मी मिठाचं पाणी घालत गेलो," सर म्हणाले. "चुकलं का?"

चुकलं होतं. पण ते तेव्हा सांगण्यासारखं नव्हतं. मी थेंबभर पाणी काचपट्टीवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. जिवंत होतं. काचेच्या लांबट डब्यांसारख्या पेशी, आत सोनेरी रंग. आणि त्यांच्याभोवती, त्यांना चिकटून, त्यांच्यामधून वळवळणारे बारीक बारीक ठिपके. मी उठून सरांना जागा दिली. त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला आणि बराच वेळ लावूनच ठेवला.

"हे ठिपके काय आहेत? घाण?"

"जिवाणू आहेत."

"मग ते काढा मॅडम. धुऊन टाका. माझी पोरगी फार स्वच्छ होती हो."

मी काही करण्याआधी हर्षालीच्या मैत्रिणीला फोन लावला. ती पलीकडून घाईघाईनं म्हणाली, "मॅडम, ते काढू नका! तिचं सगळं काम त्या ठिपक्यांवरच होतं." मग मला जे समजलं ते मी सरांना सोप्या शब्दांत सांगितलं. या शेवाळाला जगायला एक जीवनसत्त्व लागतं, आणि ते त्याला स्वतःला तयार करता येत नाही. ते हे जिवाणू करून देतात. बदल्यात शेवाळ उन्हातून बनवलेली साखर त्यांना देतं. ठिपके धुऊन काढले तर पाणी नितळ दिसेल, पण शेवाळ हळूहळू उपाशी मरेल. सर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे ती घाणीवर नाही, सोबतीवर काम करत होती." आणि थोड्या वेळानं, "तिनं मला कधी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. मी फोनवर तीनच गोष्टी विचारायचो. तब्येत, अभ्यास, झोप."

त्यानंतर ते दर थोड्या दिवसांनी येऊ लागले. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात समुद्री माशांसाठी मीठ मिळतं, ते आणायला मी शिकवलं. त्या मिठाचं पाणी करायचं, प्रेशर कुकरमध्ये बाटलीसकट निर्जंतुक करायचं, गार झाल्यावर त्यात मी दिलेल्या खताचे थेंब टाकायचे, आणि स्पिरिटच्या दिव्याजवळ बसून जुन्या बाटलीतलं थोडं पाणी नव्या बाटलीत घालायचं. असं केलं की शेवाळ पुन्हा ताजं होतं, वाढतं. नाही केलं तर दाटी होते, ते म्हातारं होतं. सरांचे हात लेझीम शिकवून राठ झालेले. पहिल्यांदा बोळा त्यांच्या चिमटीत धरला जाईना. मग त्यांनी तोंडातल्या तोंडात "एक, दोन, एक, दोन" म्हणायला सुरुवात केली आणि हात स्थिर झाले. विभागातल्या मुली हसायच्या. सर रागवायचे नाहीत. "हसा, पण श्वास बाटलीवर सोडू नका," एवढंच म्हणायचे. मी एक वाटा आमच्या विभागातही ठेवून घेतला.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ती पुढच्या मे महिन्यात. दोंडाईच्याचा मे काय असतो, ते तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. स्टेशनवरून घरापर्यंत येताना वाऱ्यातही मिरचीचा ठसका होता. ओसरीवर एक बाई पदरानं वारा घेत बसल्या होत्या. त्या सरांच्या पत्नी लीलाबाई. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणत. आतल्या खोलीत घरातला एकुलता एक कूलर घरघरत होता. त्याच्यासमोर, ओल्या वाळूच्या घमेल्यात ठेवलेल्या माठात, बाटली.

सर मला सगळी व्यवस्था कौतुकानं दाखवत होते. अक्का माझ्यासाठी पाणी घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या आणि सरांकडे न बघता मला म्हणाल्या, "देखं ना बाई? पानीले कूलर, नि माले पदरना वारा."

सर म्हणाले, "लीला."

"खोटं बोलस का मी?" अक्का थांबल्या नाहीत. "मी रडस, नि तुमना सर बाटली देखतस. त्या दिनपासून या घरमा कोनी माले जवळ घीसन बठनं नही."

मला कुठं बघावं कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्या शेवाळाबद्दलच बोलू लागले. त्याच्याभोवतीचे जिवाणू, त्यांची देवाणघेवाण. अक्कांनी मला मध्येच थांबवलं.

"ठाऊक शे माले. तिनी माले सांगेल शे. त्यास्नं निम्मे बटाईनं शे. एक खावाले देस, एक दवाई देस."

सर वळले. ते बघत राहिले बायकोकडे. निम्म्या वाट्यानं, बटाईनं शेत करणाऱ्या दोन घरांबद्दल सांगावं इतक्या सहज त्या बोलल्या होत्या. हर्षाली रोज संध्याकाळी आईला फोन करायची, हे सरांना माहीत होतं. पण माय-लेकी भाजीपाल्याचं बोलत असतील असंच त्यांना वाटायचं. "काय रांधं, काय खादं, नि मंग ते पानीनं," अक्का म्हणाल्या. "घंटा घंटा सांगे." सरांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मग उठले आणि माठावरचं फडकं ओलं करायला निघून गेले. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर म्हणत होती, बघ, हे असं असतं.

जाताना मी सरांना म्हटलं, "कूलर बाहेर लावा सर. बाटलीला माठ पुरेल." त्यांनी ऐकलं. पण अक्कांशी बोलायचं काही त्यांना जमलं नाही. ते घर वाईट नव्हतं. दोघंही एकमेकांच्या औषधपाण्याची वेळ चुकवत नसत. फक्त मुलीचं नाव निघालं की एक जण स्वयंपाकघरात जाई आणि एक जण खिडकीपाशी.

अशी दोनेक वर्षं गेली. मग एका पावसाळ्याच्या अखेरीस सरांना डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरल्या, गावात भागेना, म्हणून धुळ्याला दाखल केलं. अक्का त्यांच्या सोबत होत्या. घराला कुलूप. मला हे कळलं सर परत आल्यावर, त्यांच्या फोनवरून. आवाज इतका बारीक की आधी ओळखू आला नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "गैरहजर."

दुसऱ्या दिवशी मी विभागातला छोटा सूक्ष्मदर्शक आणि आमच्याकडच्या वाट्याची एक ताजी बाटली घेऊन दोंडाईच्याची गाडी धरली. सर ओसरीवर बसले होते. गळ्याची हाडं दिसत होती, पण शर्ट खोचलेला. बाटलीतल्या पाण्याचा चहाचा रंग गेला होता. तळाशी करडा गाळ आणि वर दुधट ढगाळ पाणी. एवढे दिवस कुणी नवं पाणी दिलं नव्हतं. शेवाळ दाटलं, म्हातारं झालं आणि संपलं.

सर म्हणाले, "मला बघू द्या."

त्यांनी डोळा लावला. मी आधीच पाहिलं होतं. रिकाम्या काचेच्या डब्या, मोडलेल्या, आणि त्यांच्यावर तुटून पडलेले ठिपके, पूर्वी कधी नव्हते इतके.

"हेच ना ते? सोबतचे?"

"हो सर."

"मग यांनीच?"

हर्षालीच्या शेवाळाचं हे मला माहीत होतं. ते तरुण असतं तोवर हे जिवाणू त्याला पोसतात. ते थकलं की त्याच्यातून जे झिरपतं ते ओळखून तेच जिवाणू त्याला मारतात आणि खातात. तिच्या मैत्रिणीनं मला हे केव्हाच सांगितलं होतं. सरांना सांगायची वेळ आली नव्हती, कारण त्यांनी ते कधी म्हातारं होऊच दिलं नव्हतं. मी शब्द शोधत होते, तेवढ्यात अक्का माझ्यामागून बोलल्या.

"म्हातारं झायं का सोबतीच खातस. तिनी सांगेल व्हतं माले."

सरांनी मान वर केली. "तुला ठाऊक होतं? पहिल्यापासून?"

"ठाऊक व्हतं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणाल्या, "मी म्हनं, तुमना हातमा काहीतरी जित्तं ऱ्हाऊ दे."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी माझी पिशवी उघडली, ताजी बाटली काढली. तिच्यात तो सोनेरी चहा होता. "सर, ही त्याच वाट्यातली आहे. तेच शेवाळ, तेच जिवाणू. ठेवा."

त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली, सवयीनं फिरवली. आणि मला परत दिली. "नको मॅडम. ही तुमच्याकडे जगू द्या. तिच्या संस्थेतही आहे, मला माहीत आहे. माझ्याकडची गेली." जरा थांबून म्हणाले, "मी ‘गेली’ असं म्हणतच नव्हतो हो. आज म्हणालो."

मला वाटलं, ते मेलेलं पाणी आता कुठल्या तरी नदीत नाहीतर समुद्रात सोडावं असं त्यांना वाटेल. मी तसं सुचवलंही. सरांनी मान हलवली. हर्षालीच्या संस्थेत ते एकदाच गेले होते. तिथं टेबलावरची एक जुनी बाटली ते मदत म्हणून मोरीत ओतायला निघाले, तर पोरगी ओरडली होती. "बाबा, प्रयोगशाळेतलं असं बाहेर सोडायचं नसतं! आधी उकळायचं!" "आयुष्यात एकदाच माझ्यावर ओरडली," सर म्हणाले. "तिचं ऐकायला पाहिजे."

ते उठले तर झोक गेला. अक्कांनी दंड धरला. दोघं तसेच स्वयंपाकघरात गेले, मागोमाग मी. कुकरमध्ये पाणी घालून सरांनी बाटली बोळ्यासकट आत उभी केली, झाकण लावलं. काडी त्यांच्या हातून पेटेना. अक्कांनी त्यांच्या हातातून पेटी घेतली आणि गॅस पेटवला. दोघं ओट्याशी शेजारीशेजारी उभे राहिले. शिट्टी झाली तेव्हा घरभर एक वास पसरला, खारट, ओल्या शेवाळाचा, दोंडाईच्याच्या कुठल्याच घरात कधी नसेल असा. अक्कांनी तोंडात पदर धरला. सर खाली फरशीवर बसले, भिंतीला पाठ टेकून. त्यांची पाठ कशाला तरी टेकलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"लीला," ते म्हणाले, "अजून काय काय सांगायची ती?"

अक्का त्यांच्याजवळ खाली बसल्या. "गंज, ढीगभर सांगे."

"सांग मग."

मी माझी बाटली पिशवीत ठेवली आणि न सांगता बाहेर पडले. स्टेशनवर गाडीला वेळ होता. मी बाकावर बसून राहिले, मांडीवर पिशवी घेऊन.

त्यानंतर सर जळगावला आले नाहीत. अधूनमधून फोन करायचे. बोलणं आता तेवढं अहवालासारखं नसायचं. एकदा मला म्हणाले, "मॅडम, हर्षूला समुद्राची भीती वाटायची, ठाऊक आहे का तुम्हाला? सुरुवातीला पाण्यात पाय घालायची नाही. नमुना आणायला दुसऱ्याला पाठवायची. मला काल कळलं." एकदा म्हणाले, "तिला तिथलं जेवण गोड लागायचं. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा संपला की रडायची म्हणे. आम्ही तिला कणखर समजायचो." त्या प्रत्येक फोनमध्ये त्यांना मुलगी थोडी थोडी नव्यानं भेटत होती, आणि मेलेल्या माणसाची नवी ओळख होणं किती जीवघेणं असतं, ते मला पलीकडच्या त्या श्वासात ऐकू यायचं. तरी फोन ठेवताना ते म्हणायचे, "चाल कमी केलीय मॅडम. थांबलो नाही."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी ओसरीवर बूट घालता घालता कलंडले. मी चार दिवसांनी भेटायला गेले. अक्का भिंतीशी बसल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची गर्दी ओसरली होती. मला बघून त्यांनी शेजारची जागा हातानं पुसली. मी बसले. मग त्या आपणहून बोलू लागल्या. त्या कुकरच्या दिवसापासून सर रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर येऊन बसायचे. पोरीनं फोनवर काय काय सांगितलं ते ऐकायचे. मधूनच हसायचे, मधूनच रडायचे. लग्न झाल्यापासून दोघं एकमेकांशी एवढं बोलले नव्हते.

"रोज?" मी विचारलं. "इतकं सांगितलं होतं तिनं?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

"सरी गयं व्हतं बाई. कवयच सरी गयं. पन या रोज इसन बठेत. मंग मी जोडीजाडीसन सांगं."

जे संपलं होतं ते अक्का रोज संध्याकाळी मनातून रचत होत्या. मुलीच्या तोंडी शब्द घालत होत्या, समुद्रातल्या गोष्टी, मैत्रिणींच्या गोष्टी, ज्या कधी घडल्याच नव्हत्या. मी हळूच विचारलं, "सरांना ते कळलं नाही ना?"

"कळनं व्हतं ना. एक डाव बोलनात, ‘लीला, हाई पोरनी नही सांगेल.’"

"मग?"

"मंग काय," अक्का म्हणाल्या. त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलून पुन्हा गुडघ्यावर ठेवला. "मनाजवळ सरकीसन बठनात. नि बोलनात, ‘पन तू सांग.’"